दगडातले काचस्पंज : प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातून कुठल्याही दिशेला निघा. हर्सूलच्या तलावाकडे जा, पाणचक्कीवरून लेण्यांच्या डोंगराकडे जा, नाहीतर दौलताबादच्या वाटेला लागा. सगळीकडे एकच काळा दगड भेटतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि हा दगड झाला. याच दगडात वेरूळ कोरलं गेलं, अजिंठा कोरला गेला आणि शहराच्या उत्तरेची बौद्ध लेणीही कोरली गेली. या दगडात शंखशिंपले शोधणाऱ्याच्या हाती गारगोट्याच लागतात. खोल समुद्रात राहणाऱ्या प्राण्याचा जीवाश्म इथल्या लाव्हात सापडणार नाही. मग समुद्रातल्या नामशेष काचस्पंजांवरचं मराठी पुस्तक शहागंजात बसून कशासाठी लिहायचं? हा प्रश्न रास्त आहे, आणि या प्रस्तावनेचं पहिलं काम त्याचं उत्तर देणं आहे.

उत्तराचा एक भाग त्या गारगोट्यांतच आहे. मराठवाड्यात नांगर फिरला किंवा विहीर खणली की पांढऱ्या, दुधी, क्वचित निळसर झाक असलेल्या गारगोट्या वर येतात. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्यांतून झिरपत राहिलं आणि आतल्या भिंतींवर थर साचत जाऊन अकीक, स्फटिक, झिओलाइट तयार झाले. यांतले अकीक आणि स्फटिक म्हणजे सिलिका. काचस्पंजाचा सांगाडाही सिलिकेचाच असतो. बाजारात अंगठीत जडवलेला जो अकीक दिसतो, तो पाण्याने आणि काळाने घडवलेला. त्याच द्रव्यातून समुद्राच्या तळाशी एक प्राणी आपला सांगाडा उभा करतो. पहिल्यात रसायनाचा नियम दिसतो, दुसऱ्यात जिवंत शरीराचा आराखडा. हा फरक डोळ्याला ओळखता येऊ लागला की जीवाश्मविद्येचं दार उघडतं. माझ्याकडे मुलं दगड घेऊन येतात आणि विचारतात, “सर, हा जीवाश्म आहे का?” बहुतेक वेळा ती गारगोटी असते. पण “नाही” एवढंच सांगून भागत नाही, का नाही तेही सांगावं लागतं. हे पुस्तक त्या सांगण्यातून वाढत गेलं.

उत्तराचा दुसरा भाग मुंबईत आहे. काचस्पंजांचे जीवाश्म जगाला ज्यांनी नीट वाचून दाखवले, त्यांतल्या एका महत्त्वाच्या अभ्यासकाची नजर मुंबईच्या तलावांत तयार झाली होती. हेन्री जॉन कार्टर हे त्याचं नाव. त्याच्याकडे पुढे सविस्तर येतोच. इथे एवढंच सांगतो, की नामशेष झालेलं ओळखायचं असेल तर आपल्या जवळचं जिवंत आधी निरखून पाहावं लागतं, हे मी त्याच्या कामातून शिकलो आणि सगळं पुस्तक त्याच एका विचारावर उभं आहे.

आधी काचस्पंज म्हणजे काय ते पाहू. स्पंज हे प्राणी आहेत. त्यांना तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही. अंगावरच्या असंख्य बारीक छिद्रांतून ते पाणी आत ओढतात, त्यातले जिवाणू आणि अन्नकण गाळून घेतात आणि पाणी मोठ्या छिद्रातून बाहेर सोडतात. आज ज्ञात असलेल्या स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक जातींत काचस्पंज जेमतेम सहा-सातशे असतील. शास्त्रात त्यांच्या वर्गाला हेक्झॅक्टिनेलिडा म्हणतात. ते सगळे समुद्रात राहतात आणि बहुतेक काही शे मीटरांहून खोल, अंधाऱ्या, थंड पाण्यात असतात. इतर प्राण्यांत पेशी एकमेकींपासून वेगळ्या असतात. काचस्पंजाच्या मऊ शरीराचा मोठा भाग मात्र असंख्य केंद्रकं असलेल्या एकाच अखंड पटलाचा असतो. चेतातंतू नसतानाही या पटलातून विद्युतसंदेश वाहू शकतो. पाणी गढूळ झालं तर असा संदेश अंगभर पसरतो आणि स्पंजाचं पाणी खेचणं थांबतं.

जीवाश्मांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो सांगाडा. तो कंटिकांचा बनतो. कंटिका म्हणजे सिलिकेचे बारीक काटे. एकच कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहा. मधल्या एका बिंदूतून तीन अक्ष निघालेले दिसतात, एक उभा, एक आडवा आणि एक पुढे-मागे, तिघेही एकमेकांशी काटकोनात. म्हणून आरे सहा. प्रत्येक आऱ्याच्या गाभ्यातून एक अतिसूक्ष्म नळी जाते. जिवंतपणी त्या नळीत प्रथिनाचा धागा असतो आणि त्या धाग्याभोवती सिलिकेचे पापुद्रे चढत जातात. काचस्पंजात या धाग्याचा छेद चौकोनी असतो, हे लक्षात ठेवावं. कारखान्यात काच करायला भट्टीचा जाळ लागतो. हा प्राणी चार-पाच अंश तापमानाच्या पाण्यातही काच घडवतो आणि त्यासाठी समुद्रात विरघळलेली अगदी थोडी सिलिका त्याला पुरते. मोनोऱ्हाफिस चुनी या खोल समुद्रातल्या स्पंजाची एकच कंटिका तीन मीटरपर्यंत वाढते. पूर्व चीन समुद्रातल्या अशा एका कंटिकेचे पापुद्रे तपासून संशोधकांनी २०१२ मध्ये तिचं वय सुमारे ११,००० वर्षं काढलं. हिमयुग ओसरत असल्यापासूनच्या खोल समुद्रातल्या पाण्याच्या तापमानाची नोंद त्या एका काट्यात जमा झालेली आहे.

कंटिका एकमेकींत गुंफल्या की काय उभं राहतं, हे पाहायला यूप्लेक्टेला ॲस्परजिलम हा स्पंज पाहावा. रिचर्ड ओवेनने १८४१ मध्ये फिलिपिन्सच्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. हातभर लांबीची पोकळ नळी, तिच्या भिंतीत उभ्या-आडव्या तंतूंचे चौकोन आणि त्या चौकोनांना बळकटी देणारे तिरपे तंतू. बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती असलेली संगमरवरी जाळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना समजायला वेळ लागणार नाही. भिंतीचा भार कमी होतो, वारा जातो, तरी जाळी ताठ राहते. यूप्लेक्टेलाच्या जाळीतून पाणी जातं आणि ती ताठ राहते ती तिरप्या तंतूंमुळे. हे तिरपे तंतू कुठे आणि किती असावेत, यावर अभियंत्यांनी अलीकडे गणितं मांडली आहेत.

आता जीवाश्माकडे वळू. स्पंज मेला की मऊ पटल कुजतं आणि कंटिका सुट्या होऊन चिखलात विखुरतात. समुद्राच्या पाण्यात सिलिकेचं प्रमाण कमी असल्याने कित्येक कंटिका विरघळूनच जातात. जेव्हा थर झपाट्याने साचतो, तेव्हाच अख्खा स्पंज दगडात उरतो. तेव्हाही मूळ सिलिका बहुधा राहत नाही, तिच्या जागी चुनखडी किंवा लोखंडाची खनिजं येतात. काही काचस्पंजांत कंटिका जिवंतपणीच एकमेकींना कायमच्या जोडल्या जाऊन सांगाडा अखंड होतो. अशा स्पंजांचे जीवाश्म अधिक प्रमाणात आणि पूर्ण मिळतात. ज्यांच्या कंटिका सुट्या, त्यांचा इतिहास आपल्याला तुटक मिळतो. म्हणून जीवाश्मांच्या यादीत एखादा गट थोडा दिसला, तर तो समुद्रातही थोडाच होता असं समजायचं कारण नाही.

आराखडा दिसला तरी तो कोणाचा, हे ओळखायला माणसाला फार वेळ लागला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डेव्होनियन काळाच्या, म्हणजे सुमारे ३६–३७ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूखडकांत हायड्नोसेरस नावाचा जीवाश्म मिळतो. तो आठ बाजूंच्या फुलदाणीसारखा उभट असतो, बाजूंवर फुगवट्यांच्या ओळी असतात आणि सगळ्या पृष्ठभागावर चौकटींची बारीक नक्षी असते. कंटिका केव्हाच नाहीशा झालेल्या, पण पोकळीत शिरलेल्या वाळूने आकार आणि नक्षी दोन्ही जपली. टिमोथी कॉनराडने १८४२ मध्ये त्याला नाव दिलं, तेव्हा तो नॉटिलसच्या कुळातला शंखधारी प्राणी आहे असं मानलं गेलं. हायड्नोसेरसच्याच कुळातल्या दुसऱ्या जीवाश्मांना जेम्स हॉलने समुद्री वनस्पती ठरवलं. शेवटी १८९८ मध्ये हॉल आणि जॉन क्लार्क यांनी या गटावर मोठा ग्रंथ लिहिला आणि हे सगळे काचस्पंज असल्याचं त्यात सविस्तर मांडलं. इंग्लंडच्या खडूच्या थरांतले व्हेंट्रिक्युलाइटीस गिडियन मँटेलने १८२२ मध्येच वर्णिले होते. टूल्मिन स्मिथने १८४७–४८ मध्ये त्यांच्या जाळीचे तुकडे बारकाईने तपासले, तरी तो त्यांना शेवाळप्राण्यांचे नातेवाईक समजत राहिला. या लोकांचं निरीक्षण कच्चं नव्हतं. ताडून पाहायला त्यांच्या हाती जिवंत काचस्पंज नव्हता, म्हणून वाट चुकली.

कार्टर इथेच महत्त्वाचा ठरतो. १८१३ मध्ये जन्मलेला हा इंग्रज डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आला. दवाखान्याच्या कामाबरोबर तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा चिटणीस होता. मुंबई बेटाच्या भूरचनेवर त्याने लिहिलं आणि १८५७ मध्ये पश्चिम हिंदुस्थानच्या भूशास्त्रावरचे इतरांचे विखुरलेले निबंध एकत्र करून छापले. दख्खनच्या काळ्या दगडावरची तेव्हाची बहुतेक महत्त्वाची निरीक्षणं त्या एका ग्रंथात भेटतात. पण त्याचं खरं मन गोड्या पाण्याच्या स्पंजांत रमलं होतं. मुंबईतल्या तलावांत, पाण्यात बुडालेल्या दगडांवर आणि लाकडांवर हे स्पंज खपलीसारखे वाढत. कार्टरने ते आणून काचेच्या भांड्यांत ठेवले, त्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्या अमिबाप्रमाणे सरकतात हे नोंदवलं. स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा पूर्ण मिटला नव्हता. १८४८ च्या निबंधात कार्टरने मुंबईच्या स्पंजांचं प्राणीपण दाखवून दिलं आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जातींचं वर्णन प्रसिद्ध केलं. उन्हाळ्यात तलाव आटला की स्पंज मरतो, पण आपल्यामागे मोहरीहून लहान बीजकळ्या ठेवतो आणि पाऊस पडला की त्यांतून पुन्हा स्पंज वाढतो. हे चक्रही त्याने बारकाईने पाहिलं. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या एका गोड्या पाण्याच्या स्पंजाला पुढे त्याचंच नाव मिळालं : युनापियस कार्टेरी.

गोड्या पाण्यातले हे स्पंज काचस्पंज नव्हेत, हे इथेच स्पष्ट करतो. दोघांचा वर्ग वेगळा. त्यांच्या कंटिका सिलिकेच्या असल्या तरी बहुधा साध्या, दोन्ही टोकांना निमुळत्या काड्यांसारख्या असतात, सहा आऱ्यांच्या नसतात. तरीही कंटिका कशी वाढते, मेल्यावर स्पंजाचं काय उरतं, कंटिकांच्या आकारावरून जात कशी ओळखायची, ही सगळी दृष्टी कार्टरला त्या तलावांनी दिली. १८६० च्या दशकात तो इंग्लंडला परतला आणि डेव्हनमधल्या बडली सॉल्टर्टन या किनाऱ्यावरच्या गावी राहू लागला. तेव्हा समुद्राच्या अभ्यासातही मोठी घटना घडत होती. वायव्ह्‌ल थॉमसन आणि त्याचे सहकारी खोल समुद्रात जाळी टाकून तळ खरवडू लागले होते आणि त्यात जिवंत काचस्पंज वर येत होते. १८७० मध्ये ऑस्कर श्मिटने या गटाला हेक्झॅक्टिनेलिडा हे नाव दिलं. १८७१ मध्ये कार्टरने क्रेटेशस काळाच्या ग्रीनसँड या वाळूखडकातल्या कंटिका आणि जिवंत स्पंजांच्या कंटिका शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. दगडातल्या काट्याला जिवंत नातेवाईक मिळाला. १८७२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला रॉयल पदक दिलं. १८७३ मध्ये त्याने काचस्पंजांवर मोठा निबंध लिहिला आणि त्यात ॲफ्रोकॅलिस्टीस व फॅरिया यांच्या कुळांची बारकाईने तपासणी केली. ही दोन नावं लक्षात ठेवा. चार वर्षांनी म्यूनिकच्या कार्ल झिटेलने जीवाश्म स्पंजांचं नवं वर्गीकरण मांडलं. बाहेरच्या आकारावर न थांबता त्याने सांगाड्याची सूक्ष्म रचना पाहिली. तीच पद्धत आजही चालते.

आता या गटाचा लांबलचक इतिहास थोडक्यात सांगतो. सविस्तर तो पुढच्या प्रकरणांत येईल. कॅम्ब्रियन काळात, चीनच्या चेंगजियांगमध्ये सुमारे ५१.८ कोटी वर्षांपूर्वी आणि कॅनडाच्या बर्जेस शेलमध्ये सुमारे ५०.८ कोटी वर्षांपूर्वी, काचस्पंजांच्या जवळचे स्पंज ठळकपणे दिसतात. प्रोटोस्पंजिया हा त्यांतला प्रसिद्ध. त्याच्या भिंतीत चौकोनांत लहान चौकोन बसवावेत अशी कंटिकांची मांडणी असते. त्याआधीचे स्पंज कुठे गेले, हा प्रश्न बरीच वर्षं छळत होता. जनुकांचा हिशेब सांगत होता की स्पंज त्याहून जुने आहेत, पण दगडात कंटिका मिळत नव्हत्या. २०२४ मध्ये दक्षिण चीनमधून हेलिकोलोसेलस हा सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म प्रसिद्ध झाला. त्याच्या अंगावर काचस्पंजाची आठवण देणारी चौकटींची जाळी आहे, पण खनिज कंटिका नाहीत. म्हणजे आराखडा आधी आला आणि त्यात काच नंतर भरली गेली, असं मानायला आता आधार आहे.

पुढे सुमारे ४४.४ कोटी वर्षांपूर्वी ऑर्डोव्हिशियन काळाच्या शेवटी समुद्रातले असंख्य जीव नाहीसे झाले. त्या संहारानंतरच्या चिखलात, चीनच्या अंजी परिसरात, स्पंजांची भरगच्च वसती सापडली आहे. बाकीचे प्राणी हटल्यावर रिकाम्या तळावर स्पंजांनी जम बसवला. काचस्पंजांचं सर्वांत मोठं वैभव आलं ते ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धात. तेव्हाच्या टेथिस आणि उत्तर अटलांटिक समुद्रांच्या कडेने, आजच्या रुमानियापासून जर्मनीच्या स्वाबियापर्यंत, तिथून स्पेन-पोर्तुगाल आणि पुढे कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपर्यंत, सुमारे ७,००० किलोमीटर लांब पट्ट्यात स्पंजांचे रीफ पसरले होते. रीफ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रवाळ येतात. हे रीफ मोठ्या प्रमाणात काचस्पंजांनी उभारले होते.

मग ते वैभव सरलं कसं? दख्खनच्या माणसाच्या मनात लगेच आपला लाव्हा येतो, कारण तो ओतला गेला त्याच सुमारास क्रेटेशस काळ संपला. पण काचस्पंजांचे रीफ त्याच्या कितीतरी आधीपासून आटत आले होते. जास्त पटणारं कारण सिलिकेत आहे. क्रेटेशसमध्ये आणि त्यानंतर डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींची समुद्राच्या पृष्ठभागी भरभराट झाली. त्यांचं कवचही सिलिकेचं. वरच्या पाण्यातली सिलिका त्यांनी इतकी वापरली की उथळ समुद्रातल्या स्पंजांना ती अपुरी पडू लागली. मानुएल माल्डोनाडो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हा विचार एका साध्या प्रयोगाने तपासला. भूमध्य समुद्रातला क्रांबे क्रांबे हा स्पंज त्यांनी सिलिकेने समृद्ध पाण्यात वाढवला. नेहमीच्या समुद्रात तो ज्या कंटिका बनवत नाही, त्या त्याने तिथे बनवल्या. शरीरात कुवत शिल्लक होती, पाण्यात द्रव्य नव्हतं. ज्युरासिकच्या उथळ समुद्रातले काचस्पंज दुबळे होते म्हणून गेले नाहीत. त्यांच्या काचेचा कच्चा माल दुसऱ्यांनी उचलला. जे खोल पाण्यात राहत होते त्यांना तिथे सिलिका मिळत राहिली, म्हणून त्यांचे वंशज आजही आहेत.

आणि म्हणूनच १९८७ सालाचं महत्त्व. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत हेकेट सामुद्रधुनीत समुद्रतळाचा नकाशा करताना भूशास्त्रज्ञांना तळावर न उमगणारे उंचवटे दिसले. ते काचस्पंजांचे जिवंत रीफ निघाले : दोनशे मीटरांच्या आसपास खोल, काही ठिकाणी तीन-चार मजली घराहून उंच, सुमारे ९,००० वर्षं वाढत असलेले. असे रीफ ज्युरासिकच्या दगडातच असतात असं तोवर धरून चालत. स्वाबियाचे जीवाश्म आयुष्यभर अभ्यासलेले जर्मन संशोधक तिथे पोचले आणि दगडात पाहिलेली रचना पाण्यात वाढताना पाहू शकले. ते रीफ बांधणाऱ्या मुख्य जाती ॲफ्रोकॅलिस्टीस, हेटेरोकोन आणि फॅरिया या आहेत. ॲफ्रोकॅलिस्टीस आणि फॅरिया ही कार्टरच्या १८७३ च्या निबंधातली नावं. मासेमारीच्या तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी या रीफांचा काही भाग मोडला होता. २०१७ मध्ये कॅनडाने तो परिसर संरक्षित केला. हजारो वर्षांत उभी राहिलेली काच एका जाळ्याने एका दिवसात चुरा होते, हे तिथल्या मोडलेल्या भागाने सगळ्यांना दाखवलं.

भारतातही काचस्पंजांची कहाणी आहे. मसुरीजवळच्या ताल खडकांतल्या चर्ट आणि फॉस्फेटच्या थरांत कॅम्ब्रियनच्या आरंभीच्या सिलिकामय कंटिका मिळाल्याचं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यांत सहा आऱ्यांच्या कंटिकाही आहेत. कच्छच्या ज्युरासिक खडकांतल्या स्पंजांचं वर्णन डोर्टे मेहल आणि फ्रांत्स फ्युरसिख यांनी १९९७ मध्ये केलं. तमिळनाडूतल्या क्रेटेशस खडकांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथमालेत फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८७३ मध्ये स्पंजांचीही दखल घेतली. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने हिंदी महासागरातून आणलेल्या जिवंत काचस्पंजांवर फ्रांत्स आयल्हार्ड शुल्झे यांचा ग्रंथ १९०२ मध्ये निघाला. महाराष्ट्रात लाव्हाच्या थरांमध्ये जे जीवाश्म मिळतात, उदाहरणार्थ स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळीला सापडलेल्या गोगलगायी आणि फळं-बिया, ते गोड्या पाण्याचे आणि जमिनीवरचे. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे तळी होती, त्यांचा तो ठेवा आहे.

पुस्तकाची मांडणी या सगळ्याला धरून आहे. पहिला भाग जिवंत स्पंजांचा. दुसऱ्यात जीवाश्म होण्याची प्रक्रिया आणि कंटिका ओळखण्याची पद्धत. तिसऱ्यात नामशेष गटांची ओळख काळाच्या क्रमाने. चौथ्या भागात भारतातले नमुने आणि ते कुठल्या खडकांत शोधावेत याची माहिती. घाई असलेल्या वाचकाने तिसऱ्या भागाकडे थेट जाऊ नये, एवढी विनंती आहे. पहिले दोन भाग वाचल्याशिवाय तिसऱ्यातली नावं पाठांतराची यादी होऊन बसतील.

पहिल्या भागातला प्रयोग शक्य असेल त्याने जरूर करावा. हिवाळ्यात गावच्या तलावाच्या किंवा जुन्या बारवेच्या काठाशी पाण्यात बुडालेले दगड उलटून पाहावेत. करडी, तपकिरी किंवा उजेडात वाढली असेल तर हिरवट, बोट दाबलं की किंचित खरखरीत लागणारी खपली दिसली, तर तो स्पंज असू शकतो. नखाएवढा तुकडा पुरे, उरलेला तसाच पाण्यात राहू द्यावा. हात डोळ्यांना लावू नये, कंटिका टोचतात आणि जळजळ होते. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, तुकडा नायट्रिक आम्लात उकळला की मऊ भाग जातो आणि तळाशी पांढरी भुकटी राहते. ती स्वच्छ पाण्याने अनेकदा धुवावी, थेंबभर काचपट्टीवर घ्यावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. शेकडो काड्या दिसतील आणि त्यांच्या गाभ्यातली नळीही दिसेल. मग शेतातल्या गारगोटीचा पातळ कपचा त्याच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. तिथे थर असतील, स्फटिकांचे कोन असतील, पण गाभ्यातली नळी नसेल. “हा जीवाश्म आहे का?” या प्रश्नाचं उत्तर विद्यार्थ्याला इथे स्वतःच्या डोळ्यांनी मिळतं.

हे पुस्तक लिहिताना दगड घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाचा मी ऋणी आहे. मराठीत जीवाश्मांवर लिहिलेलं थोडंच आहे आणि स्पंजांवर तर अगदीच थोडं. देशात कॅम्ब्रियनपासून क्रेटेशसपर्यंतचे सागरी खडक आहेत. त्यांतल्या कंटिका धुऊन, मोजून, चित्रित करून ठेवण्याचं काम बरंच बाकी आहे आणि त्यासाठी महागडी यंत्रं सुरुवातीला लागत नाहीत. चांगला सूक्ष्मदर्शक, धीर आणि जिवंत स्पंज पाहिलेली नजर एवढं पुरतं. कार्टरची नजर मुंबईच्या तलावांवर तयार झाली. मराठवाड्यात तलाव आहेत, बारवा आहेत, आणि शिकायला तयार मुलं आहेत. इथे तयार झालेले हात उद्या मसुरीच्या, कच्छच्या, तमिळनाडूच्या दगडांवर काम करोत, याच हेतूने हे पुस्तक मराठीत लिहिलं आहे.

शहागंज, छत्रपती संभाजीनगर